प्रवेश म्हणजे समता नव्हे

वाचकहो, धम्म आणि मानवी हक्क यांची चर्चा करणाऱ्या या पाक्षिकात अमेरिकेतील धनिकांच्या मेजवान्या दाखविणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकेला जागा कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आरंभीच देतो. मालिका कशी आहे हे सांगण्याकरिता हा लेख लिहिलेला नाही. ती पाहणारे लोक कोठे आनंदित होतात, कोठे अविश्वास दाखवितात आणि कोठे अस्वस्थ होतात, याचा विचार करावयाचा आहे. माणूस स्वतःच्या आयुष्यात न्याय कशाला म्हणतो, हे पुष्कळदा दुसऱ्याची कथा पाहताना त्याच्या तोंडून निघून जाते. या मालिकेच्या प्रेक्षकांच्या तोंडून जे निघून गेले आहे, त्याचा आपल्या समाजाशी फार जवळचा संबंध आहे.

'द गिल्डेड एज' ही ज्युलियन फेलोज यांची मालिका एचबीओ या अमेरिकन वाहिनीवर जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाली आणि २०२५ पर्यंत तिचे तीन भाग झाले. आपल्याकडील सुशिक्षित तरुणांतही ती पाहिली जाते. नावाचा अर्थ 'मुलामा दिलेले युग'. कथा १८८२ सालच्या न्यूयॉर्क शहरात सुरू होते. एकीकडे पिढीजात श्रीमंत घराणी आहेत. मिसेस अ‍ॅस्टर ही त्यांची राणी, आणि तिने ज्यांना आपल्या दिवाणखान्यात घेतले तेवढीच माणसे 'समाज' या शब्दास पात्र. दुसरीकडे रेल्वेच्या धंद्यात अमाप पैसा मिळविलेले रसेल कुटुंब आहे. घरात संपत्तीचा पूर आहे, पण जुन्या घराण्यांच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकण्याची सोय नाही. रसेलची पत्नी बर्था हिची हा उंबरठा ओलांडण्याची धडपड हाच कथेचा कणा होय.

बर्था ही कल्पित स्त्री असली तरी तिची लढाई कल्पित नाही. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये 'अ‍ॅकॅडमी ऑफ म्युझिक' या ऑपेरागृहातील खासगी बॉक्स जुन्या घराण्यांच्या ताब्यात होते. नव्या धनिकांना पैसे मोजूनही ते मिळेनात. तेव्हा त्यांनी भांडवल उभारून स्वतःचे 'मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउस' बांधले. २२ ऑक्टोबर १८८३ रोजी ते उघडले आणि १८८६ पर्यंत जुन्या अ‍ॅकॅडमीला आपला ऑपेरा बंद करावा लागला. मालिकेचा दुसरा भाग याच रात्रीपाशी संपतो. बर्था मधल्या बॉक्समध्ये उभी राहते, शेजारी इंग्लंडचा एक ड्यूक असतो आणि सारे शहर तिच्याकडे पाहत असते.

या प्रसंगावर प्रेक्षक विलक्षण खूश झाले. एरवी 'या मालिकेत झगे आणि टोप्या यांखेरीज काहीच घडत नाही' अशी कुरकुर करणारेही या वेळी हरखले. अपमान गिळणाऱ्या बाईने अपमान करणाऱ्यांना नमविले, बंद दार उघडले, जन्माच्या मिजाशीवर कर्तृत्वाने मात केली, असा त्यांच्या आनंदाचा आशय होता. हा समतेचा विजय आहे असे मानणारेही अनेक होते.

वाचकहो, याच ठिकाणी थांबून विचार केला पाहिजे. कायद्याच्या भाषेत 'परवानगी' आणि 'हक्क' या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. आपल्या देशातील १८८२ च्या ईझमेंट कायद्याने हा भेद स्पष्ट केलेला आहे. मालकाच्या परवानगीने जो दुसऱ्याच्या जागेत शिरतो त्याचे तेथील अस्तित्व बहुधा मालकाच्या मर्जीवर अवलंबून असते. मर्जी फिरली की त्याला बाहेर पडावे लागते. हक्काने जो शिरतो त्याला कोणाच्या मर्जीची गरज नसते आणि अडविणाऱ्यालाच न्यायालयात जाब द्यावा लागतो. बर्थाने मिळविली ती परवानगी. ती तिने पैशाच्या व दडपणाच्या जोरावर मिळविली हे खरे, पण दारावर माणसे निवडण्याची रीत तिने मोडली नाही. निवडणाऱ्याच्या खुर्चीत आता ती स्वतः बसली, एवढाच काय तो फरक झाला.

त्याच दिवसांत, त्याच शहराच्या दुसऱ्या एका नाट्यगृहाच्या दारावरून अमेरिकेत हक्काची लढाई चालली होती. ती मात्र फारच थोड्या प्रेक्षकांना ठाऊक आहे.

यादवी युद्ध संपून गुलामगिरी नष्ट झाल्यावर अमेरिकेच्या काँग्रेसने १ मार्च १८७५ रोजी नागरी हक्कांचा कायदा केला. खाणावळी व मुक्कामाची ठिकाणे, प्रवासाची साधने, नाट्यगृहे आणि करमणुकीच्या इतर सार्वजनिक जागा यांत वर्ण पाहून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे त्या कायद्याने ठरविले. १८७९ साली न्यूयॉर्कच्या 'ग्रँड ऑपेरा हाउस'मध्ये विल्यम डेव्हिस हा कृष्णवर्णीय गृहस्थ तिकीट घेऊन गेला. तो कृष्णवर्णीयांच्या एका वृत्तपत्रात काम करीत होता. द्वारपालाने त्याला आत सोडले नाही. खटला झाला आणि देशाच्या इतर भागांतील अशाच चार प्रकरणांसह तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ ऑक्टोबर १८८३ रोजी आठ विरुद्ध एक अशा मतांनी निकाल लागला. न्यायमूर्ती ब्रॅडली यांनी सांगितले की घटनेची चौदावी दुरुस्ती राज्यसंस्थेला बांधते, खासगी माणसाला नाही. खाणावळवाल्याने वा नाटकवाल्याने कोणाला दारातून परत पाठविले तर ती गुलामगिरीची खूण होत नाही, आणि कृष्णवर्णीयांनी कायद्याचे लाडके होऊन राहण्याचे दिवस केव्हातरी संपलेच पाहिजेत! या तर्काने १८७५ च्या कायद्यातील ती कलमे रद्दबातल झाली. न्यायमूर्ती हार्लन यांनी एकट्याने विरुद्ध मत नोंदविले.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. १५ ऑक्टोबरला न्यायालयाने नाट्यगृहाचे दार कृष्णवर्णीयांवर लावून घेण्यास मोकळीक दिली. २२ ऑक्टोबरला, म्हणजे बरोबर सातव्या दिवशी, नव्या धनिकांनी आपले ऑपेरा हाउस थाटात उघडले. आणि त्याच २२ ऑक्टोबरला वॉशिंग्टन शहरातील लिंकन हॉलमध्ये, गुलामगिरीतून पळून येऊन थोर वक्ता झालेला फ्रेडरिक डग्लस या निकालाचा निषेध करण्यासाठी सभेत उभा होता. एका ठिकाणी बॉक्स मिळाल्याचा उत्सव आणि दुसऱ्या ठिकाणी हक्क गेल्याचा आक्रोश! पडद्यावरील त्या रात्री टाळ्या वाजविणाऱ्या प्रेक्षकाला ही दुसरी सभा ठाऊक असती तर त्याचे हात क्षणभर तरी थांबले असते. सार्वजनिक जागी मज्जाव करण्यास बंदी घालणारा, साऱ्या देशाला लागू होणारा कायदा अमेरिकेत पुन्हा होण्यास १९६४ साल उजाडले.

१८८३ साली वॉशिंग्टनमध्ये मारला गेलेला हा कायदा मात्र मातीत मिळाला नाही. तो उचलणारा पुरुष न्यूयॉर्क शहरातील कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकून गेला. १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना सादर केली. तीत समान नागरिकत्वाचा भंग हा गुन्हा ठरवावा अशी मागणी होती, आणि तिचा आधार म्हणून अमेरिकेच्या १८६६ व १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा उल्लेख केलेला होता. नाट्यगृहांच्या जोडीला बाबासाहेबांनी त्यात आपल्या मातीतील विहिरी, तळी आणि पाणवठे घातले. पुढे आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव आणि रस्ते सर्व नागरिकांना खुले केले. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. हे अनुच्छेद खासगी माणसालाही बांधतात. ब्रॅडली यांच्या निकालाला दिलेले हे भारतीय उत्तरच होय. १९५५ चा अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा १९७६ मध्ये सुधारण्यात आला, तेव्हा त्याला 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम' असे नाव मिळाले. अमेरिकेतील त्या कायद्याच्या नावाचा प्रतिध्वनी त्यात आजही ऐकू येतो.

आता प्रेक्षकांच्या दुसऱ्या प्रतिक्रियेकडे वळू. या मालिकेत पेगी स्कॉट नावाची कृष्णवर्णीय तरुणी आहे. ती लेखिका आहे. तिचे वडील ब्रुकलिनमध्ये औषधांचे दुकान चालवितात, आई संगीत जाणते, घर नीटनेटके व संपन्न आहे. हे पाहून पुष्कळ प्रेक्षकांनी शंका घेतली, 'त्या काळी असे कृष्णवर्णीय होते तरी का? आजच्या धोरणाखातर हे पात्र घुसडलेले दिसते.' वस्तुतः ब्रुकलिनमध्ये शिकलेल्या, व्यवसाय करणाऱ्या, वृत्तपत्रे काढणाऱ्या कृष्णवर्णीयांचा वर्ग होता, आणि त्या वर्गाचे चित्रण नीट व्हावे म्हणून मालिकेच्या कर्त्यांनी एरिका आर्मस्ट्राँग डनबार या इतिहासकार विदुषीचे साहाय्य घेतले आहे. पेगी ज्याच्याकडे काम करते तो संपादक टी. थॉमस फॉर्च्यून तर इतिहासातील प्रत्यक्ष पुरुष आहे. १८५६ साली फ्लॉरिडात गुलाम म्हणून जन्मलेला हा मनुष्य न्यूयॉर्कमध्ये 'ग्लोब' पत्र चालवीत होता. 'मूकनायक' काढणाऱ्या पुरुषाच्या अनुयायांना अशा संपादकाची ओळख करून द्यावी लागू नये.

पहिल्याच भागात एक प्रसंग आहे. मेरियन ही गौरवर्णीय मैत्रीण पेगीच्या घरी अचानक जाते आणि भेट म्हणून जुन्या बुटांची पिशवी नेते. कृष्णवर्णीयांचे घर म्हणजे गरिबाचे घर, हे तिने गृहीत धरलेले असते. ते घर पाहून ती शरमते. हा प्रसंग पाहून प्रेक्षकही शरमले आणि मेरियनला त्यांनी नावे ठेविली. परंतु 'असे कृष्णवर्णीय होते तरी का?' असे विचारणाऱ्या प्रेक्षकाच्या हातात मेरियनचीच पिशवी नाही काय? आपल्याकडे ही पिशवी रोज दिसते. आपल्यातील एखादी मुलगी न्यायाधीश झाली, एखाद्याने चांगले घर बांधले, कोणी अस्खलित भाषेत बोलले, की 'तुम्ही त्यांतले वाटत नाही हो' हे वाक्य प्रशंसा म्हणून ऐकविले जाते. ही प्रशंसा म्हणजे जुन्या बुटांची भेट होय. ती नम्रपणे परत केली पाहिजे.

तिसरी प्रतिक्रिया सर्वांत महत्त्वाची आहे. २०२५ मध्ये आलेल्या तिसऱ्या भागात पेगीचे डॉ. कर्कलंड या कृष्णवर्णीय डॉक्टरावर प्रेम बसते. त्याचे घराणे न्यूपोर्टमधील प्रतिष्ठित घराणे आहे. डॉक्टराची आई या सोयरिकीच्या विरुद्ध उभी राहते. का? तर पेगीचे वडील गुलाम म्हणून जन्मले होते, आपल्या घराण्यात मात्र स्वातंत्र्य जुने. शिवाय वर्णाच्या छटेचाही प्रश्न आहे, उजळ कांतीची माणसे वरची आणि गडद कांतीची खालची. गोऱ्यांच्या दिवाणखान्यात जिला स्थान नाही, ती बाई आपल्याच बांधवांसाठी उंबरठा बांधते!

यावर कृष्णवर्णीय प्रेक्षकांत दोन तट पडले. 'हे आमच्या आजीच्या तोंडून आम्ही ऐकले आहे, हे सत्य आहे, दाखविले हे बरे झाले' असे एक तट म्हणाला. 'घरचे दुखणे चव्हाट्यावर कशाला? जगाला आधीच आमच्यात दोष पाहण्याची हौस आहे' असे दुसऱ्याचे म्हणणे. दुसऱ्या तटाची वेदना मी समजू शकतो. शत्रूच्या हाती शस्त्र देऊ नये असे कोणाला वाटणार नाही? परंतु झाकून ठेवलेली जखम चिघळते, हा अनुभव सार्वत्रिक आहे, आणि आपल्या चळवळीने तरी ती झाकण्याचा मार्ग कधी पत्करलेला नाही. बाबासाहेबांनी या रोगाला 'श्रेणीबद्ध विषमता' असे नाव दिले. या व्यवस्थेत प्रत्येक पायरीवरच्या माणसाला तुडविण्यासाठी आणखी एक पायरी दिलेली असते. म्हणून वरच्याचा जाच सोसणारा मनुष्यही व्यवस्था मोडावयास धजत नाही. मिसेस कर्कलंड ही या सिद्धान्ताची मूर्तिमंत साक्ष आहे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या मालिकेतील दोन्ही उंबरठे अखेर विवाहापाशी येऊन पोचतात. ऑपेराच्या रात्री ज्या ड्यूकमुळे बर्थाची शान वाढली, त्याच ड्यूकशी तिची मुलगी ग्लॅडिस हिचे लग्न मुलीच्या इच्छेविरुद्ध लावले जाते. तो रडवेला विवाह पाहून, बर्थाच्या विजयावर टाळ्या वाजविणारे प्रेक्षक कळवळले. पण हा विजय आणि ते अश्रू एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत, हे त्यांतील कितींनी ओळखले? उच्च समाज म्हणजे विवाहाचे कुंपण. कुंपणाच्या आत शिरावयाचे तर मुलगी द्यावी लागते, आत शिरल्यावर कुंपण राखावयाचे तरी मुलीवरच पहारा बसवावा लागतो. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कमध्येच, कोलंबिया विद्यापीठातील एका चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी जातीवरील आपला निबंध वाचला. जातीचे मर्म स्वजातिविवाहात आहे आणि तो टिकविण्याचे ओझे स्त्रीच्या माथी येते, हाच त्याचा गाभा होता.

कोणी म्हणेल, 'वकीलसाहेब, करमणुकीकडे करमणूक म्हणून पाहा, एवढे कायदे आणि सिद्धान्त कशाला?' करमणुकीला माझी हरकत नाही. दिवसभर राबणाऱ्या माणसाने सुंदर वस्त्रे आणि दिव्यांची रोषणाई पाहून मन रमविले तर त्यात पाप नाही. परंतु जी कथा पाहून आपण कोणाच्या तरी विजयाने हर्षभरित होतो, त्या कथेने विजय कशाला म्हणावे याचा धडाही आपल्याला दिलेला असतो. हा धडा तपासून घेतलाच पाहिजे.

आता हा धडा आपल्या घरी आणून पाहू. आपल्या चळवळीपुढेही 'प्रवेश' हा प्रश्न होता. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर आणि १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारी आपल्या माणसांनी सत्याग्रह केला. परंतु महाडला जमलेले लोक केवळ तहान भागविण्यासाठी आलेले नाहीत, समतेची स्थापना करण्यासाठी आले आहेत, हे बाबासाहेबांनी तेव्हाच बजाविले. १९३३ साली मंदिरप्रवेशाच्या विधेयकासंबंधी निवेदन काढताना त्यांनी युरोपियनांच्या क्लबांवरील, भारतीयांना कुत्र्यांच्या पंक्तीस बसविणाऱ्या, पाट्यांची आठवण दिली. जेथे स्वाभिमानाला मज्जाव आहे तेथे प्रवेशाची भीक मागावयाची नाही, आणि चातुर्वर्ण्य जसेच्या तसे ठेवून मिळणारा मंदिरप्रवेश आपले अंतिम साध्य होऊ शकत नाही, हा त्या निवेदनाचा रोख होता. १९३५ मध्ये येवल्याची घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसे जुने घर सोडून बाहेर पडली. ती दुसऱ्याच्या बॉक्समध्ये जागा मिळावी म्हणून बाहेर पडली नव्हती. जेथे बॉक्सच नाहीत अशा वास्तूत राहावयास ती निघाली होती.

न्यूयॉर्कच्या नव्या धनिकांनीही जुने घर सोडून नवे बांधले, परंतु त्या नव्या घरातही त्यांनी बॉक्सच बांधले, आणि ते मालकीहक्काने आपसांत वाटून घेतले. म्हणून पहिल्या कृष्णवर्णीय गायिकेला, मेरियन अँडरसन हिला, त्या रंगमंचावर एकल भूमिकेत उभे राहावयास ७ जानेवारी १९५५ हा दिवस यावा लागला. वास्तू नवी झाली तरी आराखडा जुना राहिला की असे होते.

वाचकहो, आपल्या नव्या वास्तूचा आराखडा आपण तपासला आहे काय? बौद्ध वधू-वर मेळाव्यांत आणि जाहिरातींत पोटजातीची विचारणा अद्याप होते. कोण अगोदर धम्मात आला आणि कोण मागाहून, कोणाचे घराणे चळवळीत जुने आणि कोणाचे नवे, शहरातील सदनिकेत राहणारे कोण आणि खेड्यातील वस्तीत राहणारे कोण, अशा नव्या पायऱ्या आपण रचीत आहोत. मिसेस कर्कलंडचे स्वातंत्र्य जुने होते, तशी आपल्यातील काहींची नोकरी जुनी आहे, एवढेच! कोणी युक्तिवाद करील की, कायदाच आमची पूर्वीची जात विचारतो. होय, विचारतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या आणि त्यासाठी पूर्वीच्या जातीचा दाखला काढावा लागतो. ज्या अन्यायाची भरपाई मागावयाची त्याचा पुरावा न्यायालयापुढे आणि सरकारपुढे मांडावाच लागतो. पण तो दाखला कार्यालयातील धारिकेत ठेवण्यासाठी आहे. सोयरिकीच्या बैठकीत तो मांडण्याची सक्ती कोणत्या कायद्याने केली आहे? मी तरी असे कलम वाचलेले नाही.

तेव्हा आपणास करावयाचे ते साधे आहे, परंतु सोपे नाही. बौद्ध विवाहाच्या जाहिरातीत पोटजातीचा रकाना ठेवू नये आणि ठेवणाऱ्या मंडळाला आपली नावे देऊ नयेत. आपल्या घरी पोटजातीबाहेरचे स्थळ आले तर प्रथम मुला-मुलींचे मत विचारावे, नातलगांची कुजबुज मागाहून ऐकावी. विहारातील सभेत नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबाला मागच्या रांगेत बसवू नये. आणि कोणाला एखाद्या वरिष्ठ वर्तुळात मानाचे आसन मिळाल्याचे कळले तर अभिनंदनापूर्वी एक प्रश्न विचारावा: हे आसन त्याला परवानगीने मिळाले की हक्काने, आणि ते मिळाल्यावर त्याने दार मागच्यांसाठी उघडे ठेविले की आपल्यामागे लावून घेतले?

बर्था रसेलने दार लावून घेतले. विल्यम डेव्हिस दारातून परत पाठविला गेला, पण त्याने ज्या कायद्याच्या बळावर दाद मागितली तो सात समुद्र ओलांडून आपल्या संविधानापर्यंत पोचला. या दोघांपैकी आपले नाते कोणाशी आहे, हे प्रत्येकाने आपल्या घरात ठरवावयाचे आहे.

जय भीम!